मचाणावरून दिलेला पेपर

मला माझ्या कॉलेजने फसवलं. दुसऱ्याची मदत घेतली असा ठपका ठेवून माझा बी.ए.चा शेवटचा पेपर रद्द केला. मदत करायला तिथे माणूसच नव्हता.

लॉकडाउनमध्ये वसतिगृह बंद झालं आणि मी जिवतीच्या डोंगरावर, गावी परतले. लेक्चर मोबाईलवर, आणि गावात रेंज नाही. मोबाईल उंच धरून चार दिवस भटकल्यावर एकच जागा सापडली, शेजारच्या काकूंच्या ज्वारीतलं मचाण. आठवडी बाजारात भाजी विकून शिकलेली मी, फुकट काही मागत नाही. काकूंशी सौदा केला.

"दिवसा राखण मी करीन. तुमी मजुरीले जा. मचाण माह्यं."

"अन् मोबाईलात डोकं घालून बसली तं?"

"एक कणीस कमी भरलं तं मले बोला."

"तुह्या बापालेच बोलीन," म्हणत त्यांनी मचाणाची शिडी दाखवली.

सरांचा आवाज तुटत यायचा. मी एका हाताने लिहायचे, मधेच उठून गोफण फिरवायचे. पोपटांचा थवा उतरला की तोंडाने आरोळी. खाली उतरले की लेक्चर जायचं, म्हणून भाकरीसुद्धा वरच.

शेवटच्या पेपरचे नियम कडक होते. चेहरा कॅमेऱ्यात हवा, जागेवरून उठायचं नाही, जवळ दुसरं माणूस नको. त्या दिवशी राखणीला थांबलेल्या काकूंना मीच घरी पाठवलं. हा पेपर सुटला की बी.एड.चा अर्ज भरायचा होता.

अर्धा पेपर झाला आणि पोपट आले. एकदम शेकड्यांनी. उठले तर पेपर गेला, गप्प बसले तर काकूंची वर्षाची भाकर गेली. दाणे फुटल्याचा आवाज खालून येत होता. स्क्रीनवरची नजर न हलवता मी ओरडले, "हुर्रर्र! निंगा इथून! निंगा!" स्क्रीनवर दोनदा ताकीद आली, 'बोलू नका.' तिसऱ्यांदा ओरडले, आणि पेपर बंद झाला.

कॉलेज उघडल्यावर मी जाऊन उभी राहिले. ऑफिसातले बाबू म्हणाले, "बाई, सिस्टिमनं पकडलं. आमी काय करू?"

"सिस्टिमले पोपट नाई दिसले?"

"काऊन हसवून राह्यली?"

"मी हसून नाई राह्यली. कागद दाखवा."

माझा आवाज चढला तेव्हा त्यांनी फाईल काढली. त्यात अहवाल होता, खाली सही. 'विद्यार्थिनी कोणाला तरी इथून निघा असे सांगताना ऐकू आली.'

म्हणजे सिस्टिमने नाही, कोणा माणसाने माझं ओरडणं ऐकलं होतं. शब्द नीट कळले होते त्याला. तरी त्याने सही केली. मदतीला आलेल्याला कोणी तीनदा हाकलतं का, एवढाही विचार त्याला सुचला नाही? मला एक फोन करता आला नाही? ज्याची ती सही आहे, त्याने माझ्यासमोर बसावं, ते रेकॉर्डिंग लावावं, आणि मी कोणाची मदत घेतली ते माझ्या तोंडावर सांगावं.