खांबामागचा बाक

बॅन्फच्या रस्त्यावरून बघितलं तर एल्स्पेथ गेडीजचं चर्च धान्याचं कोठारच वाटे. ते बांधलं तेव्हा स्कॉटलंडातल्या एपिस्कोपल पंथाच्या लोकांवर सरकारची वक्रदृष्टी होती. म्हणून शिखर नाही, घंटा नाही, खिडक्यासुद्धा डोक्याच्या वर. आत बाक कसले, उंच फळ्यांची खोकीच! प्रत्येकाला दार, दारावर घराण्याचं नाव. बसलं की पुढच्या खोक्यातलं टक्कलही दिसत नसे.

गेडीजांचा बाक शेवटचा, खांबामागे. एके काळी तिथे आई आणि भावंडं दाटीवाटीने बसत. आता एल्स्पेथ एकटी. सगळ्यांत पुढे, शेगडीपाशी, म्हातारे फार्कर लीथ, तेही एकटेच. मधे नुसती बंद दारं. प्रार्थनेत एकमेकांचा हात धरून ‘शांती असो’ म्हणायची वेळ आली की पाद्रीबाई शोना आधी फार्करांचा हात हातात घेत, मग पोस्टमनसारखी ती शांती चालत एल्स्पेथला पोचवत.

ऑक्टोबरात शोनाबाई वैतागल्या. “पुढच्या रविवारी दोघं एका बाकात दिसला नाहीत, तर चर्चला कुलूप! माणसं दोन आणि बसणार दोन टोकांना. मला घसा एकच आहे हो!”

“लीथांनी बाक सोडायचा?” फार्कर गुरगुरले. “आजोबांना काय सांगू?”

“आणि मी लीथांच्या बाकात?” एल्स्पेथ म्हणाली. “आई यांच्याकडे कपडे धुवायची. थडग्यातून उठून कान पिळेल माझा!”

पण घरी चहाचा एकुलता कप विसळताना तिला ते कुलूप दिसू लागलं. रविवारची शांती गेली, तर तिचा हात हातात घेणारं दुसरं होतं कोण?

रविवारी ती लवकर आली, शेगडी पेटवली आणि मान खाली घालून लीथांच्या बाकात बसली. मागे दार वाजलं, काठी टकटकली, थांबली. पुढे कुणी आलंच नाही. रुसला म्हातारा, तिला वाटलं.

शोनाबाईंनी प्रार्थना म्हटली. ‘आमेन’ आलं ते थेट मागून.

“लीथसाहेब? कुठे आहात?” एल्स्पेथने विचारलं.

“तुझ्या बाकात! तू कुठे कडमडलीस?”

“तुमच्या!”

शोनाबाईंनी पुस्तकाआड तोंड लपवलं.

“अगं, इथून काही म्हणजे काही दिसत नाही. मधे खांब आहे!”

“जन्मभर तोच बघतेय. या पुढे, ऊब आहे.”

“गुडघा धरलाय. नाही उठवत.”

एल्स्पेथ शेगडी सोडून, सगळी बंद दारं ओलांडून मागे गेली. फार्कर कोपऱ्यात अंग चोरून बसले होते.

“इथे कोण बसायचं?”

“तुम्ही बसलात ना, तिथे आई.”

ते उठायला धडपडले. तिने खांदा दाबून त्यांना बसवलं, शेजारी बसली आणि दार ओढून घेतलं.

शांतीची वेळ झाली तशा शोनाबाई निघाल्या, आणि मधेच थांबल्या. खांबामागून फार्करांचा आवाज आला, “हात किती गार गं तुझा.”