मोर पुसायला निघाले तेव्हा

सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्यात मी डिझाइन विभागात लागले, तेव्हा माझी ऐट काही विचारू नका. नुकतीच पायथॉन शिकले होते, आणि जे हातानं होतं ते सगळं स्क्रिप्टनं करायचं, असा माझा हट्ट होता. एके सकाळी कॉम्प्युटरची डिस्क भरली. मालकांनी जागा करायला सांगितलं. मी लगेच आठ ओळी खरडल्या: तीन वर्षांत ज्या फाइलमध्ये बदल झालेला नाही, ती पुसून टाक.

आमचे डिझाइन मास्तर शेजारीच बसत. घरी तेलुगू, कारखान्यात अस्सल सोलापुरी. कॉम्प्युटरला ते ‘तुझं खोकं’ म्हणत, म्हणून मीही त्यांना मुद्दाम अवघड शब्द ऐकवून छळत असे. एन्टर दाबणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, “नमुना इनला का, अम्मा?”

मागावर माल चढवण्याआधी वीतभर विणून बघायचं, ही त्यांची जुनी खोड. स्क्रिप्टचा कसला आलाय नमुना, असं मी म्हणाले. पण म्हाताऱ्याची हौस पुरवू म्हणून पुसायची ओळ काढून तिथं नुसती नावं दाखवायची ओळ घातली.

यादीत पहिलंच नाव मोराचं. मास्तरांनी ऐन उमेदीत काढलेला मोर, आमची सगळ्यात जास्त खपणारी चादर. मागाला नक्षी सांगणारे भोकांचे पुठ्ठे झिजले की नवे याच फाइलवरून पाडायचे. दुसरी प्रत कुठंच नव्हती.

मास्तर चिडले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, “बदल कशाला हुईल? एक धागा चुकला न्हाय की त्यात.”

मग मिशीत हसत, जे पुसण्यातून वाचणार होतं त्याचीही यादी काढायला सांगितली. निघालं ते सगळं माझं: कमळ फायनल, कमळ फायनल दोन, कमळ नक्की फायनल, कमळ शेवटचं. ती यादी त्यांनी मला मोठ्यानं वाचायला लावली, पार तळापर्यंत. दाराशी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दिवशी मी स्क्रिप्ट बदलली. आता ती थेट पुसत नाही. तारीख न बघता, मास्तर यादीत खूण करतील त्याच फाइली दुसऱ्या डिस्कवर नेऊन ठेवते आणि महिनाभर कुणी विचारलं नाही तरच पुसते. पहिल्या खेपेला माझी चाळीस कमळं गेली. महिनाभर त्यातलं एकही कुणी परत मागितलं नाही. मीसुद्धा नाही.