आगीकडे पाठ

आमच्या गावात आग लागली की ती विझवणाऱ्यांनी आधी उलट्या दिशेला पळायचं असतं. पेजर वाजला की हातातलं काम टाकून फायर स्टेशन गाठायचं, अंगावर जाड पोशाख चढवायचा, बंबात बसायचं आणि मगच आगीकडे यायचं. आग शेजारच्या घराला लागली असली तरी हाच नियम. ब्रिस्टलच्या दक्षिणेला, टेकड्यांमध्ये दडलेल्या या गावात पूर्णवेळ जवान नाहीत. स्टेशन आहे, एक बंब आहे, आणि आपापले कामधंदे सांभाळून कमरेला पेजर लावून फिरणारे आम्ही काही लोक आहोत.

मी मूळची नागपूरची. विमानं बनवणाऱ्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर तपासते आणि बहुतेक दिवस घरूनच काम करते. सकाळी गावातले धडधाकट लोक गाड्या काढून ब्रिस्टलला जातात. मागे उरतात म्हातारी माणसं, मेंढ्या आणि मी. शेजारच्या काकांनी नेमकं हेच हेरलं.

काकांनी तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत तोच बंब चालवला होता. म्हणजे बंब बदलले, काका तेच. इथे ऐंशीच्या माणसालाही नावाने हाक मारतात. मला ते काही केल्या जमेना, म्हणून पहिल्याच आठवड्यात मी त्यांना काका करून टाकलं. त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितला. "भावाच्या पोरांनी मला कधी काहीच म्हटलं नाही," ते म्हणाले, "तू म्हण." तेव्हापासून ते काका या हाकेला ओ देत.

एके दिवशी कुंपणावरून मला म्हणाले, "तू दिवसभर घरी असतेस. तुझ्या पायांत जोर आहे. आणि तुला राग येतो. आम्हाला असंच माणूस हवंय." रागाचं खरं होतं. आदल्याच दिवशी मी कौन्सिलच्या माणसाला फोनवर झापलं होतं आणि ते कुंपणापलीकडे ऐकू गेलं होतं.

नवऱ्याने कपाळाला हात लावला. "अगं, हे लष्कराच्या भाकरी भाजणं झालं. आठवडाभर ऑफिस, वर हे ट्रेनिंग, मग वॉटफर्डला ताईकडे कधी जायचं?"

"तू जा. ताईंना सांग, मी ऑन-कॉल आहे."

"आणि खरंच आग लागली तर?"

"मग विझवीन," मी म्हटलं. तेव्हा मला वाटायचं की यातला अवघड भाग आग विझवणं हाच असणार.

अवघड भाग होता चार हा आकडा. चौघांशिवाय बंब हलत नाही. पाठीवर हवेचा सिलिंडर लावून आत जायला दोघं, पंपाशी एक, आणि बाहेर उभं राहून सगळ्यांवर नजर ठेवायला एक. तिघंच आली तर बंब जागेवर उभा. कोण मोकळं आहे ते फोनवर दिसतं, आणि पेजर वाजला की ‘येतोय’ असं बटण दाबायचं असतं, म्हणजे स्टेशनवर पोचलेल्यांना कळतं की कुणासाठी थांबायचं. रात्री माणसं असत. दिवसा मोजून चार. आमचा प्रमुख, जो एरवी प्लंबर आहे, प्राथमिक शाळेत स्वयंपाक करणारी बाई, जी बंब चालवते, टेकडीवरचा मेंढ्यावाला, आणि मी. यातलं कुणी दाताच्या डॉक्टरकडे गेलं तरी त्या तासापुरतं गावाला बंब नसे.

काका मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. "धूर दिसला की पाय तिकडे ओढ घेतात. त्यांचं ऐकू नकोस. रिकाम्या हाताने आत गेलेलं माणूस म्हणजे वाचवायला आणखी एक माणूस." मी मान हलवायचे. ऐकायला ते अगदी बरोबर वाटायचं.

त्या वसंतात काकांचा खुबा बदलला. जिना चढवेना म्हणून आम्ही त्यांची खाट खालच्या पुढच्या खोलीत आणली, खिडकीपाशी. वॉकर धरून ते कसेबसे स्वयंपाकघरापर्यंत जात. उंचेपुरे, धिप्पाड गृहस्थ. त्यांना खुर्चीतून उठवायलासुद्धा आम्ही नवराबायको दोघं लागायचो.

तो शाळेचा दिवस होता, जेवणानंतरची वेळ. मी हेडफोन लावून मीटिंगमध्ये होते आणि कुणीतरी आपली स्क्रीन दाखवत बसलं होतं. पेजर थरथरला. सवयीने बटण दाबून मी उठले, दार उघडलं, आणि जळक्या प्लास्टिकचा वास नाकात शिरला. काकांच्या घराच्या वरच्या खिडकीतून धूर येत होता. जिन्याखाली त्यांचं कपडे वाळवायचं यंत्र होतं, आग तिथून सुरू झाली हे नंतर कळलं. जिन्याखाली म्हणजे त्यांची खोली आणि बाहेरचं दार यांच्या मधोमध.

आणि काका खिडकीत होते. एका हाताने वॉकर धरलेला, दुसरा तळवा न उघडणाऱ्या काचेवर. मागची खोली करडी होत चाललेली. त्यांनी मला पाहिलं आणि मी त्यांना पाहिलं.

मी फाटकाशी उभी होते. आमच्या मागच्या अंगणात फावडं होतं, त्याने काच फुटली असती. पण काच फुटली की वारा आत जातो आणि आग वाऱ्यामागोमाग येते, हे मला शिकवलं होतं, आणि ते शिकवणारे स्वतः त्या काचेमागे उभे होते. त्यांना त्या खिडकीतून ओढून काढणं माझ्या एकटीच्या आवाक्यातलं नव्हतं. आणि मी थांबले तर उरणार तिघं. बंब येणार नाही. त्यांच्यासाठी बंब आणायचा तर त्यांना सोडून जायचं, एवढाच हिशोब होता, आणि तो मला तेव्हाही पटला नाही. मी वळले आणि उतारावरून स्टेशनकडे पळत सुटले. पळताना मी मोठमोठ्याने रडत होते, मराठीत काहीबाही बोलत होते.

प्रमुख नुकताच पोचला होता. स्वयंपाकीणबाई एप्रनवरच कोट चढवून स्टिअरिंगवर बसली होती. मी पोशाख घातला. दार वर गेलं, इंजिन सुरू झालं. आणि आम्ही तिघं होतो.

मेंढ्यावाल्याच्या नावापुढे ‘येतोय’ असं दिसत होतं. तो फोन उचलत नव्हता. चर्चच्या छपरावरून धूर दिसत होता, मघापेक्षा काळा.

"काका आत आहेत," मी म्हटलं. "मी पाहिलंय. खिडकीत उभे आहेत."

प्रमुखाने वायरलेसवर कंट्रोलला विचारलं. शेजारच्या गावचा बंब मोटरवेवरच्या अपघाताला गेला होता. त्यापलीकडचा निघाला होता, पण त्याला वेळ लागणार होता. "आम्हाला तिघांना सोडा," तो म्हणाला. पलीकडची मुलगी अगदी शांतपणे म्हणाली की चौथा आला की कळवा, तोवर तुम्हाला निघता येणार नाही. तिचा आवाज मला अजून ऐकू येतो आणि अजून संताप होतो. तिची काही चूक नव्हती, तरी होतो.

"चल ना!" मी प्रमुखावर ओरडले. "कसली वाट बघतोस?"

"मला जायचं नाही असं वाटतं का तुला?" तो म्हणाला. तो कुणाला चुकूनही कडक बोलत नाही, आणि आताही आवाज चढवून बोलला नाही. "त्याने येतोय म्हटलंय. तो येईल. आत्ता कोपऱ्यावर दिसेल."

आम्ही कोपऱ्याकडे बघत बसलो. बाई स्टिअरिंगवर कपाळ टेकून पुटपुटत होती. देवाचं नाव घेत होती की शिव्या देत होती, कळत नव्हतं. लहानपणी आमच्याकडे कुणी कामात घोळ घातला की आई म्हणायची, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आम्ही भावंडं हसायचो. इथे आग डोळ्यांना दिसत होती, बंब सुरू होता, मी बंबात बसलेली होते, आणि मध्ये फक्त एक माणूस कमी होतं.

शेवटी मला राहवेना. मी दार उघडून खाली उडी मारली. प्रमुखाने मागून माझी कॉलर धरली. "तू गेलीस तर आम्ही दोघं उरू," तो म्हणाला. "दोघांनी तर काहीच करता येणार नाही." मी त्याचा हात झटकला, आणि पुन्हा वर चढून बसले. त्या दिवशी दुसऱ्यांदा मी जे बरोबर होतं तेच केलं. अंगाची नुसती लाही होत होती.

मग पोस्टाची लाल व्हॅन समोर येऊन थांबली. पोस्टाची बाई काच खाली करून ओरडली, "तुम्ही इथे काय करताय? तुमचा मेंढ्यावाला तिकडे खिडकी फोडतोय!"

प्रमुखाने एकदाच डोळे मिटले. मग वायरलेसवर म्हणाला, "आम्ही चौघं आहोत, निघालो." आणि आम्ही निघालो.

काय झालं होतं ते मेंढ्यावाल्याने मला नंतर सांगितलं. त्याचं कुरण काकांच्या परसाला लागून आहे. पेजर वाजला तेव्हा त्याने सवयीने बटण दाबलं आणि स्टेशनकडे निघालासुद्धा. पण वळणावर त्याला धूर दिसला, कुणाच्या घरातून येतोय ते दिसलं, आणि तो कुंपण ओलांडून गेला. बटण दाबलंय हे त्याच्या डोक्यातूनच गेलं. ते दाबलं नसतं तर आम्ही त्याच्यासाठी थांबलो नसतो, तिघांनीच निघायचा निर्णय प्रमुखाने तेव्हाच घेतला असता. आमच्यातला माणूस सोडून दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झालीच नसती. बाहेरच्या माणसाजवळ असलं बटण नसतं.

आम्ही पोचलो तेव्हा काका गवतावर आडवे होते आणि मेंढ्यावाला शेजारी गुडघ्यांवर बसून खोकत होता. त्याच्या हातांचे तळवे बघवत नव्हते. खिडकी फुटताच वारा आत गेला होता आणि आग दार जाळून खोलीत आली होती, अगदी शिकवल्याबरहुकूम. काकांचे पाय भाजले होते, छातीत धूर गेला होता. पण ते जिवंत होते. चौथ्याचे हात कामातून गेलेले, त्यामुळे आम्हा तिघांना बाहेरूनच पाणी मारावं लागलं. दुसरा बंब आला तोवर छप्पर खाली आलं होतं.

पुढे चौकशी झाली. मेंढ्यावाल्याने चूक केली असं कुणी म्हणालं नाही, बरोबर केलं असंही कुणी म्हणालं नाही. तो काच न फोडता स्टेशनवर आला असता तर काकांचं काय झालं असतं, हे कुणालाच सांगता आलं नाही. वाचलेही असते, पाय न भाजता. किंवा नसतेही. त्याने पेजर परत केला. "मला पुन्हा तेच करावंसं वाटेल," एवढंच तो म्हणाला. आता दिवसा आम्ही तिघंच आहोत, म्हणजे दिवसा गावाला बंब नाही. वरची मंडळी उंटावरून शेळ्या हाकतात, नवीन लोक भरती करा म्हणतात. कुठून आणू? मेंढ्या भरती करू?

काकांना ब्रिस्टलच्या हॉस्पिटलात ठेवलं होतं. बोलता यायला लागल्यावर मी आणि प्रमुख भेटायला गेलो. धिप्पाड माणूस पांघरुणाखाली एवढासा झाला होता. नाकाला ऑक्सिजनची नळी. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते, तर ते प्रमुखाला म्हणाले, "हिने बरोबर केलं. मी पाहिलं. शिकवल्यासारखं केलं हिने." मग म्हणाले, "त्या दुसऱ्याला सांग, गाढव आहेस म्हणावं." हे म्हणताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि प्रमुख चहा आणतो म्हणून बाहेर निघून गेला.

मी खुर्ची पुढे ओढून त्यांचा हात हातात घेतला. म्हटलं, "काका, मला यायचं होतं."

"माहीत आहे."

मग छताकडे बघत, एकेक वाक्य बोलून, थांबून श्वास घेत ते म्हणाले, "मी किती लोकांना शिकवलं. आधी स्टेशन, मग आग. पण मी कधी आतून पाहिलं नव्हतं. तू वळलीस. कुठे चाललीस ते मला माहीत होतं. का चाललीस तेही माहीत होतं. तरी मी ओरडत होतो. थांब म्हणत होतो. तुला वाटेल त्या शिव्या घातल्या मी."

"मला ऐकू आलं नाही, काका."

"नाही येत. जाड काच आहे."

सॉरी म्हणणं खोटं झालं असतं, कारण मी चुकले नव्हते, आणि तेच सगळ्यात असह्य होतं. मी चुकले असते तर माफी तरी मागता आली असती.

"उद्या पुन्हा पेजर वाजला," त्यांनी विचारलं, "आणि मी तसाच खिडकीत असलो, तर?"

त्यांना खोटं सांगता आलं असतं. म्हातारं माणूस, जळलेले पाय, घर गेलेलं. पण माझ्याकडून त्यांना खोटं उत्तर चाललं नसतं, हे मला त्यांच्या तोंडाकडे बघूनच कळत होतं.

"स्टेशनवर जाईन," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "बरोबर," म्हणाले, आणि माझ्या हातातून आपला हात हळूच काढून घेतला.