स्वॅपवाले भाऊजी

माझ्या दिराला माहीत नाही अशी एकही गोष्ट नाही, आणि धड येते अशीही एक नाही. पोटापाण्यासाठी तो टाइल्सच्या दुकानात गिऱ्हाइकांना नमुने दाखवतो. बाकीचा सगळा जन्म त्याने लिनक्सला, म्हणजे कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी टाकतात त्या फुकटच्या सिस्टिमला, वाहिलेला आहे.

म्हणजे लिनक्सवर काही काम करतो असं समजू नका. तो फक्त लिनक्स बसवतो. बसवलं की महिन्या-दोन महिन्यांत काहीतरी मनासारखं होत नाही, मग सगळं पुसायचं आणि पुन्हा श्रीगणेशा. त्याला गोडी आहे ती डिस्कचे तुकडे पाडण्याची. "डिस्क म्हणजे कपाट, वहिनी. कपाटाला कप्पे नकोत? एक सिस्टिमचा, एक आपल्या फायलींचा, एक स्वॅपचा." हे तो आल्यागेल्याला ऐकवतो, आणि समोर कोणी नसलं तर ताटातल्या भाजीचे भाग पाडत बसतो. माझी जाऊ एकदा वैतागून म्हणाली होती, "अहो, त्या कपाटात कधीतरी काही ठेवा तरी!" त्यावर त्याने तिला स्वॅप समजावून सांगितला.

तो स्वॅप आता मलाही पाठ आहे. रॅम म्हणजे काम करायचं टेबल. टेबल भरलं की जास्तीचे कागद शेजारच्या स्टुलावर ठेवायचे; डिस्कवरचं ते स्टूल म्हणजे स्वॅप. "आणि स्वॅप कायम वेगळ्या डिस्कवर हवा," असं तो बोट नाचवत सांगायचा. कुठल्या काळी कुठे वाचलं होतं देव जाणे, पण त्याने ते मंत्रासारखं घोकलं होतं.

यंदा माझ्या नवऱ्याच्या घशात गाठ निघाली. तो शाळेत भूगोल शिकवतो. डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. एक सोय मात्र होती. आधी शेकडो वाक्यं रेकॉर्ड करून ठेवली, तर पुढे त्याने टाइप केलेलं कॉम्प्युटर त्याच्याच आवाजात बोलणार होता. मग आम्ही झोपायच्या खोलीच्या खिडक्यांवर ब्लँकेटं टांगली आणि हा माणूस घसा दुखत असताना रोज माइकसमोर बसला. यादीतली वाक्यं संपल्यावर त्याने आपल्या मनाची भर घातली. मला मारायची हाक घेतली, चिडल्यावरचं "बरं बाई, तुझंच खरं" तेसुद्धा घेतलं. सगळं कॉम्प्युटरमधल्या दुसऱ्या डिस्कवर ठेवलं. प्रत नंतर काढू म्हणाला. आवाज आहे तोवर त्याला बोलून घ्यायचं होतं. एरवी घरच्या व्हिडिओंत तो कॅमेऱ्यामागे, तोंड मिटून.

ऑपरेशन झालं. मी दवाखान्यात होते, झाडांना पाणी घालायला म्हणून घराची किल्ली दिराकडे होती. झाडं वाळली. कपडे न्यायला घरी आले तर हे महाशय नवऱ्याच्या खुर्चीत रेलून बसलेले.

"दादाचा कॉम्प्युटर फार रखडायचा. लिनक्स टाकलं. आणि स्वॅप बघा, अख्खी दुसरी डिस्क दिलीय!"

"विचारलंत का त्यांना?"

"अहो, सरप्राइज! थांबा, गंमत दाखवतो." त्याने कसले कसले प्रोग्रॅम एकदम चालू केले. पडद्यावर एक पट्टी होती, ती हळूहळू सरकायला लागली. "रॅम भरली. आता बघा, स्वॅप भरतोय! भरतोय की नाही?"

मला बस गाठायची होती, दुसऱ्या डिस्कवर काय आहे ते त्या घाईत डोक्यातही आलं नाही. मी म्हटलं, "भरतोय." ती पट्टी टोकाला टेकेपर्यंत त्याने मला तिथून हलू दिलं नाही.

नवरा घरी आला, कॉम्प्युटरपाशी बसला आणि बराच वेळ शोधत राहिला. मग त्याने पाटीवर लिहिलं, "माझा आवाज कुठे आहे?" मी दिराला बोलावून घेतलं. दुसऱ्या डिस्कवर काय होतं ते सांगितलं, तर म्हणतो कसा, "मला ती रिकामी वाटली." उघडून बघितली होती? नाही. बसवताना प्रोग्रॅमने विचारलं नव्हतं, यातलं सगळं जाईल, चालेल का? विचारलं होतं. "ते काय, प्रत्येक वेळी विचारतात."

मग त्याच्यातला पंडित जागा झाला. "घाबरू नका वहिनी. स्वॅप करताना कप्प्याच्या सुरुवातीला नुसती खूण होते. मागचं सगळं जागच्या जागी असतं. जोपर्यंत रॅम भरून स्वॅपवर काही लिहिलं जात नाही, तोपर्यंत..."

आणि तो थांबला. त्याला बोलता बोलता थांबलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. त्या दिवशी त्याने मला कौतुकाने दाखवली ती पट्टी म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आवाजावर फिरणारा बोळा होता, आणि मी उभी राहून "भरतोय" म्हणत होते.

"खरं तर हल्ली वेगळा कप्पा करतच नाहीत," तो पुटपुटला, "स्वॅपची फाइल करतात." माणूस बुडत असताना पाण्याची खोली सांगणारी ही जात. त्याला दाराबाहेर काढलं तेव्हा मला जराही वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो खाली मान घालून आला आणि फोन पुढे केला. नवऱ्याने ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्याला आवाजी मेसेज पाठवला होता. याने तो ऐकलाच नव्हता. ऐकायची सवय कुठे आहे! मी बटण दाबलं. खोलीत नवऱ्याचा आवाज स्वच्छ घुमला:

"अरे, मी नसताना माझ्या कॉम्प्युटरला हात लावू नकोस. तुझा डोळा दुसऱ्या डिस्कवर असणार, ओळखतो मी तुला. माझा आवाज आहे तिथे. वहिनीला विचारल्याशिवाय काही करू नकोस, बरं का."

नवरा डोळे मिटून ऐकत होता. दीर भिंतीकडे तोंड करून उभा होता. तो मेसेज मी माझ्या फोनवर घेतलाय, रोज ऐकते. माझ्या नवऱ्याच्या आवाजात आता तेवढंच उरलंय, आणि तेही या माणसाशी बोललेलं. मला मारलेली एकही हाक उरली नाही.