आईच्या उंचीचा ओटा

एका सकाळी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर आई टाचा उंचावून पोळ्या लाटत होती. लाटणं पुढे सरकलं की तिचे खांदे पार कानांपर्यंत चढत होते. मी दारातच थांबले.

नवं मॉड्युलर किचन बसून तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. कपाटं, खण, सगळं कारखान्यातून खोक्यांत भरून आलं आणि दोन दिवसांत भिंतींना लागलंही. बसवायला आलेल्या माणसाला आईनं विचारलं होतं, "ओटा जरा खाली घेता येईल का हो?"

"आता नाही जमणार, काकू. ऑर्डर देतानाच सांगायला हवं होतं."

ऑर्डर मी दिली होती. दारांचा रंग निवडायला मी अख्खी दुपार घालवली, आणि उंचीचं विचारल्यावर "नेहमीची" म्हणून मोकळी झाले. आईनं माझ्याकडे पाहिलं, तेव्हाही मी एवढंच म्हणाले, "होईल गं सवय."

जुना ओटा बांधताना बाबांनी तिला गवंड्यासमोर उभं केलं होतं आणि तिच्या कमरेशी भिंतीवर खूण करून घेतली होती. मला तिला साधं विचारायचंही सुचलं नाही.

हल्ली स्वयंपाक मी करते. आई टेबलाशी बसून भाजी निवडून देते, तक्रार करत नाही. जेवताना म्हणते, "तुझ्या हातची आमटी छान होते हं आता."

आमटी मला अजून जमत नाही. तिला मात्र ती रोज छान म्हणावी लागते.