अजेय दप्तरदारांचं सॉफ्टवेअर

देवासच्या अजेय दप्तरदारला चित्रं काढायचं एकही सॉफ्टवेअर पसंत नव्हतं. सगळ्या चित्रांची गोष्ट नव्हे ही. जुन्या व्हिडिओ गेममधली माणसं कशी बारीक बारीक रंगीत चौकोनांची असायची, तसल्या चित्रांची. त्याला पिक्सेल आर्ट म्हणतात, आणि ते काढायची सॉफ्टवेअरं जगात ढिगाने आहेत. अजेयने त्यातली सत्तावीस वापरून पाहिली आणि सत्ताविसांनाही नावं ठेवली. एकात पेन्सिल चुकीच्या कोपऱ्यात होती. एकात रंग बदलायला दोनदा क्लिक करावं लागायचं. एक फुकट होतं म्हणून भिकार आणि एकाला पैसे पडायचे म्हणून ते लुटारू. त्याने सगळ्यांचा एक तक्ता केला होता, त्यात शेवटी दहापैकी गुण. सगळ्यांत हुशार विद्यार्थ्याला साडेचार मिळाले होते. या गृहस्थाने त्या सत्ताविसांपैकी एकातही साधं पान काढलेलं नव्हतं, पण त्याचा रकाना तक्त्यात नव्हता.

दुसऱ्याच्या कामात खुसपट काढणं हे दप्तरदारांच्या घरात पिढीजात चालत आलेलं. पणजोबा देवास संस्थानात, धाकट्या पातीच्या दरबारात कागद तपासायचे, आजोबा शाळा तपासायचे. अजेयच्या वाट्याला तपासायला काही उरलं नाही, तेव्हा तो एका कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात लागला आणि फावल्या वेळात जग तपासू लागला. पोह्यांवरची शेव, इंदूरच्या बसची सीट, शेजाऱ्याच्या फाटकाचा रंग, काहीही त्याच्या नजरेतून सुटत नसे. नाकाने कांदे सोलावेत तर याने.

दोन हजार पंधरा साली त्याच्या मनात एक गेम आला. देवास म्हणजे एकाच गावात दोन संस्थानं, रस्त्याच्या एका बाजूला थोरली पाती, दुसऱ्या बाजूला धाकटी. गेममध्ये एक शिपाई या हद्दीतून त्या हद्दीत पळणार आणि दोन्हीकडचे त्याला पकडायला धावणार. कल्पना खरंच चांगली होती, त्याची बायको अपूर्वासुद्धा तसं म्हणाली होती. ती शाळेत चित्रकला शिकवते आणि उगीच कुणाची तारीफ करत नाही. आता एक शिपाई काढायचा होता. बत्तीस चौकोन उंच, चोवीस रुंद. बस, एवढंच काम.

त्या शिपायासाठी सॉफ्टवेअर शोधण्यात एक वर्ष गेलं. मग अजेयने जाहीर केलं की या कामाचं सॉफ्टवेअर जगात नाही, ते मलाच करावं लागणार. त्यात आठ वर्षं गेली.

नाव ठेवलं ‘दप्तर’. त्यात रंगांच्या चौतीस पट्ट्या होत्या. पेन्सिलीच्या अकरा जाती. केलेलं कितीही मागे जाऊन पुसता यायचं, अगदी पहिल्या टिंबापर्यंत. दर दिवाळीला नवी आवृत्ती निघायची आणि अपूर्वाला फराळाच्या गडबडीतून हाताला धरून कॉम्प्युटरपुढे उभं केलं जायचं. दुसऱ्या दिवाळीला तिने विचारलं होतं, “शिपाई कुठंय?”

“आधी टूल तर होऊ दे,” अजेय म्हणाला. “टूलच ढंगाचं नसेल तर चित्र काय कप्पाळ येणार?”

पुढच्या दिवाळ्यांना तिने विचारणं सोडून दिलं. फळ्यावर खडूने दोन मिनिटांत बैल काढणारी बाई ती, तिला या गोष्टीत फार बोलायचं नव्हतं.

त्याने ‘दप्तर’ इंटरनेटवर टाकलं. अकरा जणांनी उतरवून घेतलं, त्यात नऊ वेळा तो स्वतःच होता, वेगवेगळ्या कॉम्प्युटरांवरून. उरलेल्या दोघांचा पुढे पत्ता नाही. लोकांना अक्कल नाही, असं तो चारचौघांत म्हणायचा. मनातून मात्र त्याला एकच हवं होतं: कुणीतरी, एकाने तरी, आपल्या सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी काढावं. आठ वर्षांच्या संध्याकाळी त्याने त्यात घातल्या होत्या. त्या फुकट गेल्या नाहीत, एवढं कुणीतरी दाखवून द्यायला हवं होतं.

अशात धारहून अंजूचा फोन आला. अंजू ही अपूर्वाची धाकटी मामेबहीण. धारमध्ये ती दहा-बारा बायकांना घेऊन दोसुतीच्या कापडावर फुलीच्या टाक्याचं भरतकाम करते, पिशव्या, उशांचे अभ्रे, तोरणं. नर्मदेच्या धरणात बुडालेल्या निसरपुरातून उठून आलेल्या दोघी-तिघी आहेत, बाकीच्या गावातल्याच. नमुना आलेख-कागदावर रंगीत पेन्सिलीने काढायचा, एक चौकोन म्हणजे एक फुली. इंदूरचा दुकानदार आता दर महिन्याला नवे नमुने मागत होता आणि कागदाच्या फोटोकॉपीत सगळे रंग काळे यायचे.

“भावोजी, मोबाइल नाहीतर कॉम्प्युटरवर काढता येईल असं काही आहे का?” अंजूने विचारलं. “आम्ही एक फुकटचं बघून ठेवलंय. तुमचंही बघू. जे बरं वाटेल ते घेऊ.”

तिने त्या फुकटच्याचं नाव सांगितलं तसा अजेय हसला. तक्त्यात त्याला दोन गुण होते.

गुरुवारी तो रजा टाकून निघाला. देवासहून इंदूर, तिथून गंगवाल स्टँडवर धारची बस. मांडीवर लॅपटॉप, आणि डोक्यात भाषण. बेटमा येईपर्यंत त्याने बायकांच्या सगळ्या शंकांची उत्तरंही तयार केली. शंका अर्थात त्यानेच काढलेल्या होत्या.

अंजूच्या घरी पुढच्या खोलीत सतरंजीवर बायका बसल्या होत्या. अजेयने लॅपटॉप स्टुलावर ठेवला आणि पाऊण तास बोलला. चौतीस पट्ट्या दाखवल्या, अकरा पेन्सिली दाखवल्या. बायका भरत राहिल्या, कारण भरताना ऐकता येतं. बोलणं संपलं तेव्हा मालन नावाच्या बाईने दोसुतीचा चौकोनी तुकडा आधी उभा दुमडला, मग आडवा, आणि घडीच्या टोकावर बोट ठेवलं.

“भिया, ये बीच का घर इसमें कहाँ है?”

फुलीचं भरतकाम मधून सुरू होतं. कापडाची चौघडी घालायची, मधलं घर धरायचं आणि तिथून चारी दिशांना मोजत जायचं, म्हणजे चित्र कापडाबाहेर पळत नाही. हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं, अजेय सोडून. त्याचं ‘दप्तर’ वरच्या डाव्या कोपऱ्यातून मोजायचं, तेही शून्यापासून.

“मधलं घर असं काही नसतं,” त्याने समजावलं. “पडद्यावर एका ओळीत चौसष्ट चौकोन आहेत, ही सम संख्या आहे. तांत्रिकदृष्ट्या मध्य हा चौकोनावर पडतच नाही, रेषेवर पडतो.”

“मग पासष्ट घ्या ना,” अंजू म्हणाली.

पासष्ट घेता येत नव्हते. अजेयने आठच्या पटीतच घेता येतील असं केलं होतं, कारण बेशिस्त मापं त्याला चालत नसत. त्याने याची कारणं सांगितली. चार कारणं होती आणि चारही बरोबर होती.

अंजूने मग आपला मोबाइल पुढे केला. फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये तिने आदल्या दिवशी एक मोर काढला होता. मधलं घर त्यातही नव्हतं, पण तिने पासष्ट चौकोन घेऊन मधोमध एक उभी आणि एक आडवी लाल ओळ स्वतःच मारून ठेवली होती. अजेयने चष्मा वर केला. त्याला तिसऱ्या सेकंदाला चूक दिसली.

“पिसाऱ्यात डावीकडे एक टिंब जास्त पडलंय. तुऱ्याचा निळा आणि मानेचा निळा वेगळे आहेत.”

“हो, पडलंय खरं,” अंजू म्हणाली. “भावोजी, तुम्ही तुमच्यात एक मोर काढून दाखवा ना. मग आम्हाला दोन्ही शेजारी ठेवून बघता येतील.”

तिच्या मनात काही नव्हतं. दोन दुकानांतल्या दोन साड्या शेजारी ठेवाव्यात, तेवढंच तिला करायचं होतं. अजेय स्टुलापुढे बसला. पट्टी निवडली, ती बदलली. पेन्सिल निवडली. मग मोराची मान सुरू कुठून होते, हे त्याला आठवेना. त्याने मोर पाहिले होते, मोरांत खोड काढ म्हटलं असतं तर तीही काढली असती. मान काढून पाहिली, ती काठीसारखी आली. पुसली. पुन्हा काढली, पोट सुटलं. पिसारा मागे घ्यावा तर पाय पुढे येत. अर्धा तास झाला. चहा आला, निवला. बायका आपसांत बोलणं थांबवून पडद्याकडे पाहू लागल्या.

मालन जवळ आली आणि वाकून बघत म्हणाली, “ये मुर्गी है क्या भिया?”

कुणी मोठ्याने हसलं नाही. ते जास्त वाईट झालं. तिने विचारलं ते अगदी खरेपणाने, कोंबडी असली तरी भरायची तिची तयारी होती. अजेयने मागे जायचं बटन दाबून धरलं. ती त्याच्या सॉफ्टवेअरची सगळ्यांत भारी करामत होती आणि ती चोख चालली. कोंबडी पायाकडून विरघळत गेली, शेवटचं टिंब गेलं आणि पडदा पांढरा झाला.

“आम्ही सध्या मोबाइलवालंच घेतो,” अंजू हलकेच म्हणाली. “तुमचं फार मोठं आहे भावोजी, आम्हाला एवढं नाही लागत.”

परतीच्या बसमध्ये त्याला खिडकी मिळाली. या अडाणी बायकांना काय कळतंय, असं त्याने मनाशी म्हणून पाहिलं, पण ते नेहमीसारखं बसेना. घाटाबिल्लौद गेल्यावर त्याने मोबाइल काढला आणि ते दोन गुणवालं फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. त्यात मोर काढून बघायचा होता. तो चांगला आला असता, तर निदान एवढं सिद्ध झालं असतं की दोष ‘दप्तर’मध्ये होता, आणि दोष तर दुरुस्त करता येतो. पुढच्या दिवाळीपर्यंत केलाही असता.

बस हलत होती म्हणून तो थांबा आला की काढायचा. इंदूर येईपर्यंत चित्र पुरं झालं. मान काठीसारखी. पोट सुटलेलं. पाय पुढे. दुसरं सॉफ्टवेअर, दुसरा पडदा, आणि पक्षी तोच. त्याने तो बराच वेळ पाहिला. सत्तावीस सॉफ्टवेअरांना नावं ठेवताना जी नजर कामी आली होती, तीच आता इतकी नीट चालत होती की त्याला लाज लपवायला जागा उरली नाही. शेजारच्या माणसाला दिसू नये म्हणून त्याने तोंड खिडकीकडे केलं.

घरी पोचला तेव्हा अपूर्वा मुलांच्या वह्या तपासत होती. “काय म्हणाली अंजू?” तिने विचारलं.

त्याने मोबाइल तिच्यापुढे धरला. बूटही काढले नव्हते. कोणाचं चित्र, कशात काढलं, काहीच सांगितलं नाही. ती आता हसेल, नाहीतर नऊ वर्षांचं सगळं एकदम बोलेल, अशा तयारीने तो उभा राहिला.

अपूर्वाने चित्र जवळ घेऊन पाहिलं, दूर धरून पाहिलं. वर्गात दरसाल चाळीस पोरांची चित्रं बघायची तिला सवय होती, त्यामुळे तिला काही विचारावं लागलं नाही.

“पहिल्यांदाच काढलास ना?” ती म्हणाली. “मग असाच येतो. दुसरा काढ.”

तिने मोबाइल त्याच्या हातात परत दिला आणि पुढची वही उघडली. त्रेचाळीस वर्षांचा अजेय दप्तरदार दारात तसाच उभा राहिला, आणि दुसरा न काढायला त्याला एकही कारण सापडेना.