काहूनचा गिलास

पेन्शनीत निघालेल्या फौजी माणसाजवळ बसू नये म्हणतात, ते काही खोटं नाही. आम्ही चहाच्या टपरीवर गेलो तरी तिथल्या बशा मांडून मोर्चे दाखवतो. मी तर पलटणीत हवालदार-क्लार्क, म्हणजे दुसऱ्यांचे पराक्रम लिहून ठेवणं हेच माझं काम. आता सावनेर सोडून नागपुरात येऊन स्थायिक झालो, तरी ते डोक्यातून जात नाही. भाजी आणायला निघालो की एक किस्सा आठवतो, सायकलला पंप मारताना दुसरा आठवतो. बायको म्हणते, "तुमचं युद्ध तर झालंच नाही कधी, मंग इतकं बोलता कशाचं?"

खरं आहे तिचं. मी सांगतोय ते किस्से लढाईचे नाहीतच. लढाईच्या सरावानंतर आम्ही जे गोल करून बसायचो ना, त्याचे आहेत.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कामठीच्या छावणीत आमची तुकडी होती, तीसेक माणसं, बहुतेक इकडचीच. सराव झाला की त्याची उजळणी व्हायची. उजळणी म्हणजे दोन तास उन्हात उभं राहायचं, एक साहेब नकाशावर छडी ठेवून कोण चुकलं ते वाचणार आणि आपण "जी सर" म्हणणार. उघड्या डोळ्यांनी झोपायची कला आम्ही सगळे तिथेच शिकलो. पुढच्या सरावात तीच चूक, तीच छडी.

मग मेजर जोगळेकर आले. पुण्याकडचे, बारीक आवाजाचे. त्यांच्या पहिल्याच सरावात आमच्या तुकडीनं पहाटे शत्रूच्या, म्हणजे सरावात शत्रू झालेल्या दुसऱ्या तुकडीच्या, ठाण्यावर असा जबरदस्त हल्ला चढवला की विचारू नका. तंबू आडवा झाला, दोन कैदी पकडले. उजाडल्यावर पाहतो तर कैद्यांच्या हातात झारे! आम्ही आमच्याच स्वयंपाकघरावर चाल करून गेलो होतो.

उजळणीला सगळे खाली मान घालून उभे. सुभेदार ढोबळे म्हणाले, नकाशा जुना आहे. नकाशा वाचणारा म्हणाला, कंदील बारीक होता. तेवढ्यात देवाजी साहेबांसाठी चहा घेऊन आला. देवाजी म्हणजे आमचा आचारी, भिवापूरचा, तुकडीत येऊन त्याला तीन आठवडे झाले होते आणि त्या सकाळच्या दोन कैद्यांपैकी एक तोच होता. त्याच्या कपाळाला टेंगूळ होतं आणि टेंगळापेक्षा राग मोठा होता.

"धूर दिसला का हल्ला करा, असं यायले सांगतलं कोणं? चुलीले धूर राहणार नाही तं काय राहील?"

मेजरसाहेबांनी छडी खाली ठेवली. "कोणी सांगितलं ते नको. तसं का झालं ते सांग."

"काहून झालं ते मले काय विचारता साहेब, मी भाजी कापून राहिलो होतो."

"तूच सांग. बस खाली. आणि तो चहा तूच पी."

देवाजीनं चहा फुंकून फुंकून प्यायला आणि सांगितलं. पोरं आदल्या दुपारपासून उपाशी होती, कारण जेवण चुकीच्या टेकडीवर पोचलं होतं. उपाशी माणूस धूर दिसला की तिकडेच वळतो, त्याला नकाशा लागत नाही. झालं. दोन तासांत छडीनं जे सापडलं नसतं ते एका कप चहात सापडलं.

त्या दिवसापासून मेजरसाहेबांनी कायदाच केला. उभं राहायचं नाही, कडुनिंबाखाली गोल करून बसायचं. देवाजीचा जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, मोठा गिलास फिरणार. ज्याच्या हातात गिलास तो बोलणार, बाकीचे गप. सुरुवात तुकडीतल्या सगळ्यात नव्या माणसापासून, साहेब सगळ्यात शेवटी. आधी स्वतःची चूक सांगायची, मगच चहा प्यायचा, मग देवाजी किटलीतून पुन्हा भरणार आणि गिलास पुढे. "कोणं" विचारायचं नाही, फक्त "काहून", म्हणजे का, तेवढं विचारायचं, आणि तो हक्क किटली धरणाऱ्या देवाजीचा. आणि शेवटी, पुढच्या बारीला काय करशील. मी ते सगळं एका वहीत लिहायचो. पोरांनी तिचं नाव ठेवलं, काहूनची वही.

जर्मनचा गिलास गरमागरम हातात धरून कोणी भाषण देऊ शकत नाही. पाच वाक्यांत माणूस मुद्द्यावर येतो. नव्याला कडकडीत चहा मिळायचा आणि साहेबांपर्यंत पोचेस्तोवर किटली पार थंड झालेली असायची. साहेब तो थंड चहा वर्षभर प्यायले, कधी तोंड वाकडं केलं नाही.

आता सुभेदार ढोबळ्यांचं ऐका. बावीस वर्षं नोकरी, मिशा अशा की पोरं मिशांनाच सॅल्यूट करायची. त्यांच्या हातात गिलास आला की एकच वाक्य, "माझ्याकडून सगळं ठीक." कायदा असा की चूक सांगितल्याशिवाय गिलास पुढे जात नाही. एकदा मेजरसाहेबांनी गिलास अडवलाच. सुभेदार गिलास घेऊन बसले. अर्धा तास झाला. त्या दिवशी देवाजीनं मटण केलं होतं, भिवापुरी मिरचीचा वास थेट नाकात येत होता, पण कोणी उठेना. तासाभरानं सुभेदारांनी मान खाली घातली.

"मले लांबचं दिसत नाही. दोन वर्सं झाले. झाड दिसते, झाडाखालचा माणूस दिसत नाही. सांगतलं तं घरी पाठवतील म्हणून बोललो नाही."

शत्रू आमच्या अंगावर येईपर्यंत सुभेदार "मैदान साफ" का म्हणायचे, ते तेव्हा सगळ्यांना कळलं. इतका मोठा माणूस दोन वर्षं जीव मुठीत धरून नोकरी करत होता आणि आम्ही मागे त्यांची टिंगल करत होतो. मेजरसाहेबांनी त्यांना घरी नाही, चष्मेवाल्याकडे पाठवलं. काळ्या फ्रेमचा चष्मा लावून सुभेदार पुढच्या गोलात आले, पलीकडे देवाजीच्या हातातला गिलास लांबूनच न्याहाळला आणि म्हणाले, "देवाजी, तू हा गिलास कधीच धुत नाहीस का गा?"

बंडूचा किस्सा तर मी स्वतः वहीत लिहिला आहे. बंडू आमचा वायरलेसवाला. ऐन सरावात त्याचा सेट मुका झाला आणि अर्धी तुकडी भलत्याच नाल्यात जाऊन बसली. गोलात बंडू म्हणाला, माझी चूक, बॅटरी उतरली. काहून? सेट जास्त वेळ चालू होता. काहून? बंडूला गिलासाचे चटके बसत होते, या हातातून त्या हातात करत होता. तेवढ्यात गोलाच्या टोकावरून मेजरसाहेबांनी हात वर केला.

"क्रिकेटचा स्कोर मी विचारला होता. तीन वेळा."

वहीत नोंद आहे: बॅटरी उतरली. काहून: मेजरसाहेब. खाली त्यांची सही आहे, तारखेसकट. बंडू त्यानंतर त्या माणसासाठी जीव द्यायला तयार होता.

पण सुखात कोणी राहू देतं का? नवे कर्नलसाहेब आले. साताऱ्याकडचे, आवाज असा की छावणीतली कुत्री सावधानमध्ये उभी राहायची. एका दुपारी ते कडुनिंबाजवळून चालले होते आणि त्यांच्या कानावर काय पडावं, तर देवाजी मेजरसाहेबांना विचारतोय, "पण तुमी काहून थांबले तिथं?" कर्नलसाहेब जागेवरच लाल झाले.

"आचारी मेजरला जाब विचारतो? ही पलटण आहे की गावची पंचायत?"

मेजरसाहेबांनी शांतपणे सगळं समजावलं. कर्नलसाहेबांनी ऐकून घेतलं आणि निकाल दिला. दरवर्षी कन्हान नदी ओलांडायचा मोठा सराव व्हायचा आणि त्यात आमची तुकडी तीन वर्षं शेवटची होती. "या वर्षी जिंकलात तर बसा चहा पीत. हरलात तर हा गोल बंद, आणि ती वही देवाजीच्या चुलीत."

त्या दिवशी गोलात कोणाला चहा गोड लागला नाही. सुभेदारांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. छडीची उजळणी असती तर ते केव्हाच घरी गेले असते.

मग आम्ही महिनाभर कन्हानच्या वाळूत राबलो. पहिल्या तालमीत बूट रुतले. काहून? वजन पाठीवर एका बाजूला. दुसऱ्या तालमीत दोर तुटला. काहून? ओला गुंडाळून ठेवला होता. वही भरत चालली. सरावाच्या आदल्या दुपारी शेवटचा गोल बसला. नेहमीप्रमाणे पहिला गिलास देवाजीकडे, कारण त्याच्यानंतर तुकडीत नवं कोणी आलंच नव्हतं.

देवाजी म्हणाला, माझी चूक, मी एक गोष्ट महिनाभर सांगितली नाही. घाटावर उतरायची वाट एकच आहे असं तुम्ही सगळे धरून चालला आहात. पण वर अर्ध्या मैलावर डांगरवाड्या आहेत, पात्रात टरबूज लावतात त्या. तिथले लोक रोज नदी ओलांडतात, गुडघाभर पाण्यातून. काहून सांगितलं नाही? तर म्हणे, "मी तिकून टरबूजं आणतो अन् तुमी म्हणसान हा सामान आणाले जाते का टाइमपास कराले."

मेजरसाहेबांनी घाटाची योजना कागदावर लिहून कर्नलसाहेबांच्या ऑफिसात पाठवून दिली होती. ती बदलायला वेळ नव्हता. ठरलं असं, की घाटावर जायचं, शत्रू दिसला तर क्षणभर थांबायचं नाही, सरळ डांगरवाडीकडे वळायचं. आणि एकही वेल तुडवायचा नाही.

सकाळी घाटाच्या अलीकडे झुडपात पडलो होतो. सुभेदारांनी चष्म्यावर हाताचं छप्पर केलं आणि हळूच म्हणाले, "समोरच्या बाभळीखाली चार माणसं आहेत. एकाचा बूट सुटला आहे." बूट सुटलेला दिसला त्यांना! शत्रू आमच्याच वाटेवर बंदुका रोखून बसला होता, जणू आमंत्रण गेलं होतं. आम्ही गुपचूप मागे सरकलो, वाट दाखवणाऱ्या देवाजीच्या मागे डांगरवाडीतून एकामागे एक गेलो, पाणी ओलांडलं आणि वळसा घालून त्यांच्या पाठीशी उभे राहिलो. ते अजून घाटाकडेच पाहत होते. बंडूच्या सेटवरून निरोप गेला, बॅटरी भरलेली होती. पंचांनी घड्याळ पाहिलं आणि आम्ही पहिले आलो. पहिले! ढोबळे सुभेदारांनी देवाजीला उचलून खांद्यावर घेतलं, त्याच्या हातातल्या टरबुजासकट.

दुपारी कडुनिंबाखाली गोल बसला तर समोरून कर्नलसाहेब. सगळे उठायला लागले. त्यांनी हातानंच बसा म्हटलं, एक रिकामं खोकं ओढलं आणि गोलात बसले.

वहीत सगळ्यात वर मी प्रश्न लिहिला होता: शत्रू आधीपासून घाटावर. काहून? गिलास फिरला. देवाजीनं आपली चूक सांगितली, बंडूनं सांगितली, सुभेदारांनी सांगितली. मेजरसाहेब म्हणाले, मी एकच वाट कागदावर लिहिली ही माझी चूक. पण शत्रूला कसं कळलं, ते कोणालाच सांगता येईना.

मेजरसाहेबांचा चहा संपला. देवाजीनं किटलीतला शेवटचा, गार चहा ओतला आणि गिलास पुढे सरकला. पुढे कर्नलसाहेब होते. त्यांनी गिलास दोन्ही हातांत धरला.

"माझी चूक," ते म्हणाले. "तुमचा कागद त्यांना मी दिला होता."

माझं पेन वहीवरच थांबलं. मेजरसाहेब जमिनीकडे पाहत होते. आता बोलायचं कोणी? कायद्यानं विचारायचा हक्क देवाजीचा होता, आणि देवाजीनं तो सोडला नाही.

"काहून, साहेब?"

"तुम्ही हरावं म्हणून."

"मंग पुढच्या बारीले काय करसान?"

कर्नलसाहेबांनी तो गार चहा एका दमात संपवला आणि गिलास देवाजीच्या हातात दिला.

"पुढच्या वेळी पहिला गिलास मला दे. या गोलात सगळ्यात नवा मी आहे."